आक्कांची खोकी, भावाचे दाणे

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा सर्वांचे मालक, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण सारे जमलो आहोत त्या आमच्या आक्का, त्यांच्या घरची मंडळी, आणि भट्टीवर, पॉलिशला, पॅकिंगला राबणाऱ्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी भट्टीवरचा माणूस. आयुष्यभर काचेत फुंकर मारली, त्यामुळे माईकसमोर श्वास पुरेल याची खात्री आहे. शब्द पुरतील की नाही, ते तुम्ही बघा. अध्यक्षांनी आत येतानाच कानात सांगितलंय, "आटोपशीर." प्रयत्न करतो.

आपण काचेचे दिवे करतो. मी दिवा घडवतो, त्याचं कौतुक होतं. पण गिऱ्हाईकाच्या घरी तो अखंड पोचला, तर त्याचं श्रेय कोणी कधी खोक्याला दिलंय का? खोकं फाडतात आणि फेकतात. आक्कांनी आपली सगळी नोकरी त्या फेकायच्या वस्तूत घातली. आणि ती वस्तू फेकल्यावर कुठे जाते, असं विचारणाऱ्या आपल्या कारखान्यातल्या त्याच पहिल्या.

झालं असं, की एका बाईंचा फोन आला. आवाजावरून वयस्कर वाटत होत्या. आक्कांनी नेहमीच्या काळजीनं विचारलं, "दिवा फुटला का हो?"

"नाही, दिवा छान आहे. एका कोपऱ्यात शांत बसलाय. पण तुमचे ते पांढरे दाणे घरभर नांदताहेत! झाडले की उडतात, उडाले की बागेत जातात. चिमण्या टिपायला लागल्यात. आता सांगा, मी चिमण्यांना कसं समजावू?"

आम्ही बाकीचे हसलो. आक्का हसल्या नाहीत. फोन ठेवून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि सांडपाण्याच्या गटाराशी उभ्या राहिल्या. गटाराच्या जाळीवर थर्मोकोलच्या दाण्यांचा थर साचला होता. आम्ही रोज त्याच्यावरूनच जात होतो. डोळे सगळ्यांना होते, बघितलं त्यांनी.

आता इथे एक अडचण होती. हे दाणे कारखान्याला पुरवणारा व्यापारी म्हणजे आक्कांचा सख्खा धाकटा भाऊ. आक्कांनीच त्याला इथे आणलं होतं. त्याचा धंदा आपल्या कारखान्याच्या जोरावर उभा राहिला. तो पुढच्याच रांगेत बसलाय आणि मी हे सगळं त्याची परवानगी घेऊन सांगतोय, हे आधीच स्पष्ट करतो.

तो माल घेऊन आला तेव्हा आक्कांनी त्याला बाजूला घेतलं. आमच्याकडे भिंती पत्र्याच्या, त्यामुळे बाजूला म्हणजे सर्वांच्या कानावर.

"मला हे दाणे बंद करायचेत."

"बंद? आक्का, माझं अर्धं दुकान तुझ्या या कारखान्यावर चालतं. पोटावर पाय देतेस माझ्या?"

"दुसरं काही आण. कागदाचं, पुठ्ठ्याचं. तुझ्याकडूनच घेईन."

"आणि माझं गोदाम भरलंय, त्याचं काय करू? चिमण्यांना घालू?"

टेम्पोचं दार आपटून तो निघून गेला. त्यानंतर त्यानं इथे येणं सोडलं, बहिणीच्या घरीही जाणं सोडलं. त्यांची आई राहायची भावाकडे. आक्का तो दुकानात असताना आईला भेटायला जायच्या आणि तो यायच्या आत निघायच्या. एकदा आई वैतागून म्हणाली, "मी काय तुमच्या दोघांच्या मधला भुसा आहे? दोघांचे धक्के मीच खायचे?" हे आक्कांनी मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं. सांगताना हसल्या, पण डबा तसाच झाकून ठेवला.

इकडे प्रयोग सुरू झाले. रद्दी वापरली, तर छपाईची शाई दुधी काचेला लागली. वाळलेलं गवत वापरलं, तर ते दमट पडलं आणि खोक्यातून किडे निघाले. गिऱ्हाईकानं विचारलं, "हे दिव्याबरोबर फुकट आहेत का?" मग कातरलेल्या कागदाच्या पट्ट्या आल्या. दिसायला सुरेख! आक्का खोकं भरून जिन्यावरून खाली सोडायच्या आणि मी, ज्यानं तो दिवा फुंकलाय तो मी, डोळे मिटून उभा. आपल्या लेकराला कोणी जिन्यावरून ढकललं तर तुम्ही डोळे उघडे ठेवाल का हो?

जिन्यावर सगळं टिकलं. रस्त्यावर टिकलं नाही. गाडीच्या हादऱ्यांनी कागद दबत गेला, दिवे खाली सरकले आणि एक मोठी खेप फुटून परत आली. मालक पॅकिंगमध्ये आले. रागावले नाहीत, त्यांच्या स्वभावात ते नाही, पण म्हणाले, "आक्का, आता पुरे. माल पोचला पाहिजे."

मला वाटलं, आक्का वाद घालतील. त्यांनी फुटका दिवा हातात घेतला आणि म्हणाल्या, "खरंय तुमचं. फुटलेला दिवा हाच सगळ्यात मोठा कचरा. त्याच्यासाठी भट्टी पुन्हा पेटणार, गाडी पुन्हा धावणार. मी दाणे टाळले आणि दिवा घालवला, तर मी काय कमावलं?"

आणि संध्याकाळी, मंडळी, त्या भावाच्या घरी गेल्या. स्वतःहून. फुटलेल्या खेपेतलं एक खोकं बगलेत घेऊन. आपलं म्हणणं खरं करून दाखवायला सगळेच जातात. ते फसलं हे सांगायला, तेही धाकट्या भावाकडे, किती जण जातात?

पुढचं मला भावानंच सांगितलंय. आक्का म्हणाल्या, "तुझे दाणे दे परत. माझं जमलं नाही."

तो म्हणतो, हे ऐकायला मी कित्येक दिवस टपून होतो, आणि ऐकल्यावर कसंतरीच झालं. त्यानं दारातच खोकं उघडलं, आत हात घातला, फिरवला.

"आक्का, कागदाची चूक नाही. खोकं मोठं आहे. दिव्याला आत नाचायला अंगण दिलंयस तू."

"मग?"

"खोकं लहान कर. दिव्याच्या मापाची पुठ्ठ्याची खोबण कर, त्यात तो घट्ट बसव. मग भरायला फार काही लागणारच नाही. ना कागद, ना माझे दाणे."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आपलंच गिऱ्हाईक तोडलं. तेव्हा आतून आईचा आवाज आला, "दोघंही आत या. उभ्यानं काय बोलताय?"

त्या खोबणी पुढे त्यानंच बनवून दिल्या. आज आपला माल त्यातच जातो. फूट आधीपेक्षाही कमी झाली आणि गटाराची जाळी स्वच्छ आहे. सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. नाट्यगृहाच्या झुंबराचं काम आलं तेव्हा त्या नाजूक काचकळ्यांना आक्कांनी प्लास्टिकचं फुगेवालं वेष्टणच गुंडाळलं. मी चिडवलं, "काय आक्का, तत्त्व कुठे गेलं?" म्हणाल्या, "तत्त्वाला फुटायची भीती नसते, कळीला असते." पण ते वेष्टण नाट्यगृहाकडून परत मागवलं आणि विरेपर्यंत वापरलं.

भावाचं बरंच नुकसान झालं, तेही सांगितलं पाहिजे. सावरायला त्याला वेळ लागला. दुसऱ्या गिऱ्हाइकांना तो आजही दाणे विकतो.

परवा मी आक्कांना विचारलं, "आता घरी बसून काय करणार?" म्हणाल्या, "घरी कोण बसतंय? भाऊ येऊन गेला. म्हणाला, आक्का, उरलेल्या गिऱ्हाइकांनाही खोबणीकडे वळवायचंय, माझ्या एकट्यानं होत नाही, तू दुकानात बसशील का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, येते. पण आधी दाण्यांच्या गोदामाची किल्ली दे."

त्यानं ती दिली, मंडळी. आत्ता, या क्षणी, त्यांच्या पर्समध्ये आहे.

आक्का, तुमच्यामुळे माझे दिवे कुठे कुठे लागले, ते मला कधी दिसलं नाही, पण ते लागले एवढं मला ठाऊक आहे. मला बोलायची संधी दिलीत याबद्दल मालकांचे, पाहुण्यांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात कोणाला टोचलं असेल, कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर उदार मनानं पोटात घाला. आटोपशीर राहिलं नाही, त्याची माफी अध्यक्षांकडे वेगळी मागतो.