फणसानं गिळलेला विळा

शुद्धलेखनाच्या चुका आधीच पोटात घाला. शाळा आठवीत सुटली, त्यामुळं साधंच लिहितो.

फिरती आरा मशीन घेऊन मी चंदगडकडं गेलतो. बाळूतात्यांचा जुना फणस वाऱ्यानं पडला होता, त्याच्या फळ्या पाडायच्या होत्या.

"तात्या, खोडात खिळाबिळा न्हाय न्हवं? पातं एकच आणलंय."

"न्हाय ओ पावणं. माझ्या डोळ्यांम्होरं वाढलंय झाड."

धुक्यात हळदीसारखा पिवळा भुसा उडत होता. त्याच्या गोडसर वासानं मला गुंगी आल्यासारखं झालं. तेवढ्यात खाडकन आवाज झाला आणि पात्याचे दात गेले. फळी उचलली, तर आत गंजलेला विळा. कुणीतरी बेचक्यात अडकवलेला, झाडानं हळूहळू गिळलेला.

मी काही बोलायच्या आधीच तात्यांनी तो लाकडातनं उपसून हातात घेतला.

"आबांचा, आमच्या वडलांचा इळा. भात कापून आल्यावर मीच अडकवलता की."

"मग?"

"मग काय. धाकट्यानं चोरला म्हणून वीस वर्षं त्याच्याशी बोललो न्हाय."

विळा घेऊन ते भावाच्या घराकडं चालू लागले आणि धुक्यात दिसेनासे झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवं पातं घेऊन गेलो, तर दोघं भाऊ त्याच खोडावर चहा पीत बसलेले. उठा म्हणायला माझी जीभ रेटेना.

"बसा की पावणं," धाकटा म्हणाला. "लाकूड कुठं पळतंय?"

मी पातं गाडीतच ठेवलं आणि खोडाच्या टोकाला जाऊन बसलो.