कपाळ टेकवून फोटो

मागच्या महिन्यात मी जिन्यावरून पडलो, ते ठाऊकच आहे तुम्हाला. डोक्याला लिंबाएवढं टेंगूळ आलं. कवटीला चीर गेली असेल, या धास्तीनं आमच्या हिनं मला जयेंद्रगंजात एक्स-रे काढायला नेलं.

तिथली मुलगी म्हणाली, "बाबा, माथा और नाक इस प्लेट से लगाओ. बिल्कुल हिलना मत."

मी टेकवलं. फोटो हलला. पुन्हा टेकवलं, पुन्हा हलला.

"बाबा, आपका जबड़ा चल रहा है. कुछ खा रहे हो क्या?"

मी तिला सावकाश समजावलं, की खात नाही बेटी, पण कपाळ कुठंही टेकलं की माझ्या तोंडात स्तोत्र सुरू होतं. साठ वर्षांची सवय आहे.

ही दारातून म्हणाली, "अहो, दोन मिनिटं देवाला सुट्टी द्या."

तिसऱ्यांदाही तेच झालं. शेवटी त्या मुलीनं मला उलटं फिरवलं आणि डोक्याची मागची बाजू प्लेटला टेकवायला लावली. आता तोंड गप्प. फोटो लख्ख आला, हाड शाबूत निघालं.

मी हात जोडले. "देवानं वाचवलं."

ही म्हणाली, "तुम्ही पाठ फिरवलीत तेव्हा. उद्यापासून पूजेला तसेच बसा."