छबीने सोडलेलं क्रियापद

—नाही नाही, पायरीवर नको, वर या भाऊ, चटईवर बसा – आणि आधी मला सांगा, मारलं तर नाहीत ना तिला? नाही? मग ठीक. ये गं छबी, माझ्याजवळ ये. बघा, ओठ कसे मिटून धरलेत, पाकिटाला डिंक लावल्यासारखे! आणि हे काय, टायसुद्धा बांधला? मुलाखत उद्या सकाळी आणि टाय आजच? असू दे, असू दे, छान दिसतेय. नवी शाळा, इंग्रजी शाळा, ऐन आषाढात जागा शिल्लक राहिलेली – तुमचा किती जीव गुंतलाय त्यात, मला का ठाऊक नाही? तुम्ही कंडक्टर माणूस, दिवसभर धुळ्याच्या गाडीत उभे, लेकीने तरी खुर्चीत बसून फाडफाड इंग्रजी बोलावं, बरोबरच आहे. आणि उद्या ते विचारणार, व्हॉट इज युवर नेम, आणि ही नुसती टकामका बघत बसणार! काय म्हणता? क्लासला पाठवली आणि मुकी होऊन परत आली? शिव शिव, तोतारामभाऊ, असं बोलू नका तिन्हीसांजेचं! मुकी नाही ती. तिने क्रियापद सोडलंय.

म्हणजे झालं काय – आता तुम्हाला माझी शिकवायची रीत माहीत आहे. नसेल तर गल्लीला विचारा. मी काही मोठी पंडित नाही, एरंडोलला मॅट्रिक झाले तेवढीच, पण पाठ करा पाठ करा म्हणून पोरांना घोकायला लावणं मला जमत नाही. मी करून दाखवते. जंप म्हटलं की मी उडी मारते – हसू नका, ह्या पाचवारीत मारते, आमच्या ह्यांनी तर परवा खिडकीच लावून घेतली. रन म्हटलं की ह्या ओट्यापासून नळापर्यंत सगळा वर्ग पळतो, पुढे पोरं, मागे मी, आणि आमच्या मागे प्रमिलाबाईंच्या कोंबड्या. आता क्रियापद म्हणजे काय हे एवढ्याशा जीवांना कसं सांगायचं? मी सांगितलं, बाळांनो, नाम बिचारं पाटावर बसलेलं असतं. टेबल, चेअर, काऊ – बसलेत आपले. पण क्रियापद आलं की अंगात आल्यासारखं होतं! गाय उठते, चालते, शेपटी मारते. तेव्हापासून आमचा नथ्थू प्रत्येक क्रियापदाला घुमतो. स्लीपलासुद्धा घुमतो. ते एक सुधारायचं राहिलंय.

तर आली एकादशी. देव झोपले, चातुर्मास लागला. मी आपलं सहज म्हटलं मुलांना, की ह्या महिन्यांत माणसाने काहीतरी सोडावं, मी वांगी सोडते, शेजारच्या अक्का कांदा-लसूण सोडतात. तर हा वना उठला आणि म्हणाला, बाई, आमच्या घरी कांदा आईनेच सोडला, मग आम्ही काय सोडायचं? आता काय सांगणार? मला एकदम सुचलं – देवानेच सुचवलं म्हणा ना – म्हटलं, तुमच्याजवळ एवढी क्रियापदं आहेत, त्यातलं एकेक सोडा! मला वाटलं, हिट सोडतील, पुश सोडतील, क्राय सोडतील, चार महिने ओट्यावर शांतता. पण पोरं कसली लबाड! नथ्थूने वॉश सोडलं. त्याची आई काल त्याला कानाला धरूनच घेऊन आली – जवळ बसवेना हो! वनाने राइट सोडलं, पाटी आणतच नाही. एकाने ईट सोडलं, पण ते दुपारच्या शेवभाजीपर्यंतच टिकलं. आणि ही एकटी, ही तुमची छबी, नुसती बसून राहिली विचार करत. शेवटी मीच म्हटलं, अगं, जे सगळ्यात आवडतं ना, ते सोडलं की देवाला पोचतं. झालं! उठली, हात जोडले, म्हणाली – 'स्पीक'. तो तिचा शेवटचा शब्द.

आता तुम्हीच सांगा, एवढ्या वर्गात माझं ऐकलं कोणी? हिनेच ना? मग हिलाच कशी रागावू? काल मी तिला गूळ-शेंगदाणे देऊन पाहिले – खाल्ले, आणि मान हलवली. गुदगुल्या केल्या – हसली, पण आवाज न करता, नुसते खांदे उडाले. पाटीवर लिहून दिलं मला, 'कार्तिकीला बोलेन.' स्पेलिंग बघा म्हणावं कसं – अहो, मराठीतच लिहिलं, पण सुबक!

काय? मोडून टाकायला सांगू? देव झोपलेत, त्यांना कुठे कळतंय म्हणता? वा भाऊ! म्हणजे झोपलेल्याला फसवायचं? तुमच्या गाडीत प्रवासी झोपला तर तुम्ही त्याला दोनदा तिकीट लावता का? नाही ना! आणि त्यातून लहान मूल. आज पहिला नेम घेतला तोच आपण मोडायला लावला, तर उद्या तिचा कशावर विश्वास बसणार? तुमच्यावर नाही, माझ्यावर नाही, आणि इंग्रजीवर तर नाहीच नाही.

पण थांबा, तोंड पाडू नका. वाट आहे. मी रात्री समईजवळ बसून विचार केलाय. एखादं व्रत झेपलं नाही तर घरच्या दुसऱ्या माणसाने पुढे चालवायचं, अशी रीत आहे. सासूबाईंचे सोळा सोमवार अर्ध्यात राहिले होते, ते मीच नाही का पुरे केले? तसं छबीचं मौन दुसऱ्या कोणीतरी घ्यायचं. पाणी सोडायचं, की ती मोकळी. तुम्ही घ्या! – नाही, तुम्हाला कसं जमेल, पारोळा आला हे कोण ओरडणार, अख्खी गाडी पारोळ्याचे लोक घेऊन धुळ्याला जायची. मग हिच्या आईला, कलाबाईंना सांगा. पण त्या सोनगीरला माहेरी, बाळंतीण, नवं लेकरू – अंगाई मनातल्या मनात कशी म्हणायची? तेही नाही. मग घरात दुसरं कोण आहे? कोणीच नाही. गुरू आईच्या जागी असतो हे खरं, पण –

तुम्ही माझ्याकडे असं का बघताय?

छबे, तूसुद्धा?

अहो, मी कशी घेऊ? मला भाजीवाल्याशी घासाघीस करायची असते. भजनी मंडळात पहिली ओळ मी उचलते, मी नाही उचलली तर बाकीच्या नुसत्या टाळ घेऊन बसतात. आमचे हे तर पेढे वाटतील, लग्न झाल्यापासून वाट बघतायत. सासूबाई दर आषाढात म्हणायच्या, 'तुना तोंडले कुलूप नही शे का वं माय, यंदा मौन धर!' – आणि मी दर वर्षी आपली वांग्यावर भागवायची. खरं सांगू का, वांग्याने मला तशीही खाज सुटते, भरीत नुसतं समोर आलं तरी – अगं बाई. हे कशाला बोलले मी? छबी, तू ऐकलं नाहीस हं. ऐकलंस. बघा कशी बघतेय. जे सगळ्यात आवडतं ते सोडावं, असं कोण म्हणालं होतं? मीच.

बरं.

द्या तो तांब्या इकडे. नाही, आता काही बोलू नका, माझं मन फिरेल. क्लासचं काय? क्लास चालेल की! मी उडी मारीन, मुलं ओरडतील 'जंप'. मी पळेन, ती ओरडतील 'रन'. उलट बरंच, आत्तापर्यंत मीच ओरडत होते. छबी पुढे उभी राहील आणि मोठ्याने सांगेल सगळ्यांना. काय गं, सांगशील ना? उद्या आधी त्या शाळेत सांग, नाव, गाव, सगळं, घाबरायचं नाही. भाऊ, पेढे तुम्ही आणा, आमच्या ह्यांना आणू देऊ नका. आणि माझ्या वतीने त्यांना सांगा, रॉकेल संपलंय, आणि गिरणीतून दळण आणायचंय, आणि – हो हो, आवरते.

कर तळहात पुढे, छबी. हे पाणी. मनात देवाला सांग, की माझं मौन बाईंकडे दिलं. सोड ताटलीत. हं. झालीस मोकळी! बोल, बोल बरं काहीतरी, भाऊ बघा किती वेळ श्वास धरून – काय? काय म्हणालीस? ऐकलंत भाऊ! बोलली! म्हणते काय, 'बाई, तुम्हाला नाही राहवणार!' मला राहवणार नाही? मला? चिमुरडे, बघच तू आता, कार्तिकीपर्यंत ह्या तोंडातून एक अक्षर जरी – हे घेतलं पाणी, हे सोड—