मिरचीच्या गिरणीतले दहा मार्क

बस की. चहा येईस्तोवर ऐक, परवा बायकोनं मला गिरणीतून कसं हाकललं ते. धर्माबादला मिरची-हळद दळायची गिरणी हाय ना, ती तिचीच.

नांदेडच्या कॉलेजातली एक पोरगी स्कूटीवर आली. तोंडाचा स्कार्फ सोडला आन् म्हणली, "काकू, धंदा करणाऱ्या बायांला कोणत्या देशात किती साथ मिळती, त्याची जगभर पाहणी चालू हाय, हितलं आमी मोजून राहिलोत. तुमाला घरून किती साथ हाय? दहापैकी मार्क द्या."

मी म्हणलो, "दहा लिव्हा!"

"काका, काकूंना बोलू द्या ना."

माझं टाळकंच सरकलं. "मी बोलू देत न्हाई का तिला? देतो का न्हाई गं?" बायकोनं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच म्हणलो, "बघा, हाव म्हणली!"

बायको पोरीला म्हणली, "स्कार्फ बांध बाई." सवताच्या नाकाला पदर लावला, लई तिखट मिरची मशीनीत वतली आन् बटन दाबलं. असा ठसका उठला, मी शिंकत, शिव्या देत थेट रस्त्यावर! तिथून "दहा" म्हणाया जावं तर शिंकच निघायली. आत दोघी खुशाल बोलून राहिल्या, हसून राहिल्या.

मशीन थांबली तसा लाल डोळ्यानं आत घुसलो. "किती दिले गं?"

"दहा."

मी छाती फुगवून पोरीला म्हणलो, "बघा! म्हणलो न्हवतो?"

बायको म्हणली, "पोरी, ते दहा हे बाहेर होते तवाचे हायत. आता आत आलेत, तर परत इचार."