दाबाची सुई हलली नाही

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर सासरे आणि जावई बसले होते.

“चाळीस वर्षं कारखान्यात पाइपलाइनचे बॉल व्हॉल्व्ह तपासले, जावईबापू. बैलाएवढी ओतीव पोलादाची धुडं! माझ्या हातून एकही नापास झाला नाही.”

“एकही गळला नाही, मामा?”

“गळायचे की! आतल्या गोळ्याभोवती ग्रीस चोपडायचं. चाचणीची पंधरा मिनिटं निभतात. दाबाची सुई हलत नाही, साहेब सही ठोकून मोकळे.”

“आणि नंतर?”

“नंतर ग्रीस जातं वाहून. पण तोवर व्हॉल्व्ह कुठल्या कुठे गेलेला असतो. आपल्या बापाचं काय जातंय?”

“आमच्या घरामागे गॅसची लाइन आली ना, तिथे तुमच्याच कारखान्याचा व्हॉल्व्ह बसवलाय. तुमची लेक येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, ‘माझ्या बाबांनी पास केलाय!’”

“कधी बसवला?”

“झाले की दोन महिने. अहो मामा, उठलात कुठे? पुढचा नंबर तुमचाच आहे.”

“डोळे राहू देत. तिला फोन लावा. म्हणावं, पोरांना घेऊन आत्ताच्या आत्ता माहेरी ये.”

“एवढं अचानक? कारण काय सांगू?”

“सांगा, बाबांना नातवंडांची आठवण आली. आणि निघेपर्यंत चहासाठीसुद्धा शेगडी पेटवू नकोस म्हणावं.”