काळ्याची भाकर

नंदुरबार स्टेशनवर सुरतेकडे जाणाऱ्या गाडीला अजून अवकाश होता. अमरचंद शेठ तिकिटाच्या रांगेत शिरले. बाकावर त्यांची बायको जतनबाई आणि त्यांना पोचवायला आलेला शेजारी रतिलाल, एवढेच उरले. पलीकडच्या बाकावर बसलेल्या एक प्रवासी, सुगंधाबाई, गाठोडं नीट करायच्या निमित्ताने त्यांचं बोलणं ऐकायला जरा अलीकडे सरकल्या.

"रतिलालभाऊ, मयनाभर आम्ही मारवाडमा. दोन्ही कुत्रा परसमाच ऱ्हातीन."

"चिंता करू नका, भाभी. फाटकनी किल्ली तेवढी द्या."

"किल्ली कसाले? भाकर कुंपनवरतून टाका, दिन बुडाना पहिले. आमनी जैननी रीत तुमले मालूम शे."

"तुमना काळ्या कुत्रा भाकरले भुलस नही, भाभी. फाटकपासून हालसच नही तो."

"मंग कसाले भुलस?"

"आते... असंच तोंडमाईन निंघी गयं."

"गया मयनामा परसमा हाडकं पडेल व्हतात. आमना घरमा कांदाबी येस नही, भाऊ."

"कावळासनी टाकेल व्हतीन."

"पहिले काळ्या तुमले पाहीसन भुके. आते शेपूट हालावस."

"शेजारी शे ना मी. वळखस."

"काल तो मन्हा हातनी भाकर सुंगनाबी नही."

रतिलाल हसला. त्याने हात पुढे केला.

"गाडी ई ऱ्हायनी, भाभी. किल्ली द्या."

जतनबाईंनी किल्ली कमरेला घट्ट खोचली आणि रांगेकडे तोंड करून त्या मोठ्याने ओरडल्या,

"अहो, एकच तिकीट काढा!"