मोटारीची नवी भाषा

दत्ताचं सांगतो, आधीच हसू नका. आमच्या चौघांच्या सामायिक विहिरीची मोटार ज्याच्या त्याच्या पाण्याच्या पाळीला चालू करणारा प्रोग्राम मीच लिहिलाय. त्या प्रोग्रामिंगच्या भाषेची नवी आवृत्ती आली. ती घ्यावी की नाही, या विचारात मी पाटाच्या पाण्यात पाय सोडून बसलो होतो. आज पाळी शेजारच्या दत्ताची होती; तो ओंब्या निसवायला आलेल्या गव्हाला दारं धरून पाणी देत होता.

"काय नवं हाय त्यात, दादा?"

"आतापर्यंत 'असं असेल तर हे, नाहीतर ते' अशी लांबलचक उतरंड लिहावी लागायची. आता सगळ्या वाटा एका जागी मांडता येतात. पाटाला दांड फुटतात ना, तसं दिसतं."

तो खोऱ्यावर हनुवटी टेकवून वाहतं पाणी बघत राहिला. "लय देखणं असंल."

"पण जुन्या काही ओळी चालणार नाहीत. त्या बदलेपर्यंत मोटार बंद पडेल."

पाण्यावर ऊन हलत होतं. मला वाटलं, त्यालाही त्या वाटा दिसायला लागल्या.

मग तो हळूच म्हणाला, "उद्या पाळी कुणाची?"

"तुझ्या चुलतभावाची."

"मंग कशाचा इचार करायलाव? माझं रान भिजलं की घ्या नवी!"